कॅनडातून पर्झीन काढायचं असेल तर

पर्झीन म्हणजे एकट्या माणसानं लिहून, छापून, टपालानं पाठवलेलं छोटं नियतकालिक. विज्ञानकथेच्या चाहत्यांनी हौसेनं काढलेली नियतकालिकं, म्हणजे फॅनझीनं, 1930 पासून निघत आली आहेत आणि कॅनडात त्यांना फार लवकर घर मिळालं. 1940 च्या दशकात ऑन्टारियोतल्या पॅरी साउंड या छोट्या गावातून लेस क्राउच 'लाइट' हे फॅनझीन काढायचे. 1948 साली टोरांटोत वर्ल्डकॉन हे जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, ते अमेरिकेबाहेरचं पहिलं. 1973 साली टोरांटोतच भरलेल्या वर्ल्डकॉनमध्ये माइक ग्लिक्सोन आणि सुसान वुड यांच्या 'एनर्ग्युमेन'ला सर्वोत्कृष्ट फॅनझीनसाठीचं ह्यूगो हे विज्ञानकथेचं पारितोषिक मिळालं. देश अफाट, चाहते विखुरलेले, दोन शहरांमध्ये दोन-दोन दिवसांचा प्रवास. अशा ठिकाणी भेटीगाठींचं काम टपालानंच केलं.

काढायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करा. पर्झीन हा पत्रव्यवहाराचा अर्धा भाग आहे, उरलेला अर्धा वाचक लिहितो. त्यामुळे पानं किती, वजन किती, अंक कधी, लेखाचा शेवट कुठे, या प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावायची: यामुळे वाचकाला उत्तर लिहिणं सोपं होतं की अवघड? पहिल्याच अंकाला साठ पानं करणारे बहुतेक जण इथेच फसतात. साठ पानी अंक वाचक "सवडीनं वाचू" म्हणून बाजूला ठेवतो. सोळा पानी अंक त्याच संध्याकाळी वाचून होतो आणि पत्रही त्याच आठवड्यात निघतं.

काय लिहायचं

रोजच्या जगण्यात विज्ञानकथा आणि तिचे चाहते जिथे जिथे भेटतात, ते सगळं पर्झीनचा विषय आहे. मात्र निव्वळ मतं लिहू नका. "संमेलन छान झालं, पॅनेल रंगलं" या वाक्याला कोणी काय उत्तर देणार? त्याऐवजी खोलीत किती खुर्च्या रिकाम्या होत्या, श्रोत्यांपैकी तिशीच्या आतले किती, कोणत्या प्रश्नावर वाद पेटला, पुस्तकविक्रीच्या दालनात जुन्या पॉकेटबुकांची टेबलं किती आणि टी-शर्टांची किती, हे लिहा. वाचक लगेच आपल्या गावच्या संमेलनाशी ताडून पाहतो आणि त्यातून पत्र जन्माला येतं.

कॅनडात राहणाऱ्याकडे असे विषय दाराशी पडलेले असतात. पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेल्या दोन किमती, एक अमेरिकी डॉलरमधली आणि एक कॅनेडियन, त्यांच्यातला फरक विनिमय दराशी जुळतो का ते मोजून पाहता येतं. व्हँकूवर आणि टोरांटोच्या रस्त्यांवर दुसऱ्याच शहराच्या नावानं चित्रीकरण होतं आणि ओळखीच्या चौकात अमेरिकी नंबरप्लेटची गाडी उभी दिसते. परग्रहावरचं जंगल ब्रिटिश कोलंबियाच्या देवदारांसारखं का दिसतं, यावर दोन पानं सहज होतात. संमेलनांचं वेळापत्रकही विषयच आहे: विनिपेगचं कीकॉन मे महिन्यात व्हिक्टोरिया डेच्या जोडसुट्टीत असतं, कॅलगरीचं 'व्हेन वर्ड्स कोलाइड' उन्हाळ्यात. थंडीत काही भरवायचं म्हटलं की विमान रद्द होण्याची धास्ती आयोजकांच्या डोक्यावर असते.

क्यूबेकला वगळू नका. तिथला फ्रेंच चाहतावर्ग स्वतंत्र आणि जुना आहे. 'सोलारिस' हे नियतकालिक 1974 साली 'रेक्विएम' या नावानं सुरू झालं, 'काँग्रे बोरेआल' हे संमेलन 1979 पासून भरतं. इंग्रजी फॅनझीनांत त्याची दखल क्वचित दिसते, म्हणून मोडक्यातोडक्या फ्रेंचनं वाचून लिहिलेली दोन परिच्छेदांची नोंदसुद्धा वाचकाला नवं काही देते. एकाच देशात दोन भाषांचे चाहते शेजारी राहून एकमेकांना किती कमी वाचतात, हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

लेख संपवताना निष्कर्ष काढून गाठ मारू नका. जिथे तुमची माहिती संपते तिथे सरळ विचारा: "एडमंटनमध्ये जुन्या पुस्तकांची किती दुकानं उरली आहेत?" उत्तर देणारा कोणीतरी निघतोच. पुस्तकावर लिहिताना उतारा हवा असेल तर तो छोटा ठेवा. कॅनडाच्या कायद्यात समीक्षेसाठी उतारा घेण्याला वाव आहे, पण लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव देणं ही त्याची अट आहे.

पत्रांची पानं

अंकाचा एक तृतीयांश भाग पत्रांना द्या. या पत्रांना चाहते 'लॉक' ('लेटर ऑफ कॉमेंट') म्हणतात. पूर्ण पत्र छापायची गरज नसते. "अंक मिळाला, आभार, इथे बर्फ पडतोय" हा भाग काढा, मुद्दा ठेवा, पण वाक्यं बदलू नका. तुमचं उत्तर पत्राच्या मधेच द्यायचं असेल तर ते ((असं दुहेरी कंसात)) घाला. हा जुना संकेत आहे आणि त्यामुळे कोण बोलतंय याचा घोटाळा होत नाही. जी पत्रं छापली नाहीत त्यांच्या लेखकांची नावं शेवटी 'वाह्फ' ('वुई ऑल्सो हर्ड फ्रॉम', म्हणजे 'यांचीही पत्रं आली') या मथळ्याखाली द्या. नाव दिसलं नाही की माणूस पुढच्या वेळी लिहीत नाही.

पत्रात 'डीएनक्यू' ('डू नॉट कोट') असं लिहिलेलं असेल तर तो मजकूर छापायचा नाही आणि दुसऱ्याला सांगायचाही नाही. यात सूट नाही. पूर्वीच्या फॅनझीनांत पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापत. आता नाव आणि शहर पुरे. संमेलनातला फोटो छापण्याआधी त्यातल्या व्यक्तीला विचारा, एखाद्या पात्राचा पोशाख घालून आलेल्यांना तर नक्कीच.

वजनाचं गणित

पानांचा आकडा लेखनावरून ठरवू नका, टपालावरून ठरवा. कॅनडा पोस्टच्या साध्या पत्राला दोन वजनगट आहेत: 30 ग्रॅमपर्यंत आणि 50 ग्रॅमपर्यंत. आकाराची कमाल मर्यादा 245 बाय 156 मिलीमीटर, जाडी 5 मिलीमीटर. याच्या बाहेर गेलात की अंक मोठ्या आकाराच्या गटात जातो आणि दर एकदम चढतो.

लेटर आकाराचा कागद (216 बाय 279 मिलीमीटर) मधोमध दुमडला की 140 बाय 216 मिलीमीटरची पुस्तिका होते. ती 6 बाय 9 इंची पाकिटात बसते आणि ते पाकीट मर्यादेच्या आत राहतं. 20 पाउंडी, म्हणजे 75 जीएसएम (चौरस मीटरला 75 ग्रॅम) कागदाचा एक ताव साडेचार ग्रॅम भरतो. पाकीट सुमारे 7 ग्रॅम. चार ताव, म्हणजे सोळा पानं: 18 अधिक 7, एकूण 25 ग्रॅम. पाच ताव घेतले तर काटा 30 च्या अगदी कडेला येतो आणि ओलसर हवेत कागदानं थोडं पाणी ओढलं तरी पलीकडे जातो. म्हणून सोळा पानं. जास्तच हवी असतील तर सरळ 50 ग्रॅमच्या गटात जाऊन नऊ ताव, छत्तीस पानं करा. मधला आकडा परवडत नाही.

जाड मुखपृष्ठाचा मोह आवरा. 65 पाउंडी कव्हर कागदाचा एक ताव साडेदहा ग्रॅमच्या पुढे जातो. तीन ताव आत आणि हे एक बाहेर असं केलं, की पाकिटासह 31 ग्रॅम होतात आणि सोळा पानांनाच वरचा दर लागतो.

मांडणी आणि छपाई

भारतातून आणलेल्या किंवा भारतीय सेटिंग असलेल्या लॅपटॉपवर पान बहुधा ए-फोर असतं. ए-फोर लेटरपेक्षा 18 मिलीमीटर उंच आणि 6 मिलीमीटर अरुंद. छापताना एक तर तळाच्या ओळी कापल्या जातात, नाहीतर प्रिंटर सगळं आक्रसून टाकतो. पहिल्याच दिवशी पानाचा आकार लेटर करा आणि छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवून 'अ‍ॅक्च्युअल साइझ' निवडा. चारही बाजूंना किमान 6 मिलीमीटर मोकळे सोडा, कारण साधं यंत्र कडेपर्यंत छापत नाही. घडीच्या बाजूला 12 मिलीमीटर हवेत.

इंग्रजी मजकूर 10 पॉइंटमध्ये पानाला साडेतीनशे शब्दांच्या आसपास बसतो. मराठी पर्झीन काढत असाल, किंवा इंग्रजी अंकात दोन पानं मराठीची ठेवत असाल, तर अक्षर 11 पॉइंटच्या खाली नेऊ नका. झेरॉक्समध्ये रफार आणि अनुस्वार आधी बुजतात. ओळींमधलं अंतर दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. पानाला अडीचशे शब्द धरून चाला. मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये 'मराठी' अशी नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. इनडिझाइन वापरत असाल तर 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' सुरू करा. तो बंद असला तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड झाला आहे ना, हे दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. तावाच्या एका बाजूला जी दोन पानं शेजारी येतात, त्यांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकनं जास्त असते. सोळा पानी अंकात ती 17: बाहेरच्या तावावर 16 आणि 1, त्याच्या पाठीमागे 2 आणि 15, अगदी आतल्या तावावर 8 आणि 9. बेरीज चुकली तर छापू नका. दोन्ही बाजूंनी छापताना 'शॉर्ट एज'वर उलटणं निवडा. 'लाँग एज' राहिलं तर मागची पानं उलटी येतात. एक प्रत काढा, दुमडा, पानं उलटून बघा, आणि मगच बाकीच्या काढा. घडीवर गडद काळं चित्र नको, तिथला टोनर भेगाळून निघतो.

पिना मारायला लांब हाताचा स्टेपलर लागतो. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. दोन पिना, वरून आणि खालून 54 मिलीमीटरवर, नेमक्या घडीवर, बाहेरून आत. आधी सगळे ताव एकत्र दुमडून घडी पक्की करा आणि मग उघडून पिना मारा. उलट क्रमानं केलं तर घडी पिनेपासून सरकते आणि पुस्तिका तिरकी मिटते.

कोणाला आणि कशाच्या बदल्यात

दुसऱ्या पानावर अंकाचं नाव, क्रमांक, महिना, तुमचं नाव आणि पत्ता द्या. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्स घ्या. तिथेच अंक कसा मिळेल ते लिहा. चाहत्यांमध्ये रूढ असलेला मोबदला 'द यूज्वल' या नावानं ओळखला जातो: पत्र, लेख किंवा चित्र, नाहीतर तुमचं फॅनझीन. पैशांची वर्गणी टाळलेली बरी. वर्गणीदार पत्र लिहीत नाही, आणि अंक लांबला की तुम्ही त्याचं देणं लागता.

सुरुवातीला चाळीस प्रती पुरतात. जुन्या फॅनझीनांची एक पद्धत आजही उपयोगी आहे: शेवटच्या पानावर 'हा अंक तुम्हाला का मिळाला' अशी छोटी यादी छापायची आणि प्रत्येक प्रतीवर योग्य ओळीपुढे हातानं खूण करायची. तुमचं पत्र आत आहे. आपण अंकांची अदलाबदल करतो. तुमचं नाव एका लेखात आलं आहे. तुमच्याकडून काही आलं नाही तर हा शेवटचा अंक. या शेवटच्या ओळीवरच्या खुणेनं जितकी पत्रं येतात तितकी कुठल्याही विनवणीनं येत नाहीत.

अंक तीन महिन्यांनी एकदा काढा आणि तारीख पाळा. सहा महिन्यांचं अंतर पडलं की वाचकाला मागचा वाद आठवत नाही आणि पत्रांची पानं निर्जीव होतात. पीडीएफही तयार ठेवा. 2024 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कॅनडा पोस्टचा संप महिनाभर चालला. अशा वेळी ई-मेलनं अंक गेला तर पत्रव्यवहार तुटत नाही. पुण्या-मुंबईतला वाचक पीडीएफ ए-फोरवर छापेल. ए-फोर अरुंद असल्यानं त्याला मात्र 'फिट टू पेज' निवडायला सांगा, म्हणजे काही कापलं जाणार नाही.

चार अंक झाले की ह्यूगोच्या फॅनझीन विभागाचं दार उघडतं, मात्र त्यातला किमान एक मागच्या कॅलेंडर वर्षात निघालेला हवा आणि लेखकांना प्रतीपलीकडे मोबदला दिलेला नसावा. कॅनडाच्या ऑरोरा पुरस्कारांतही चाहत्यांच्या कामासाठी वेगळे विभाग आहेत.

चार ते नव्व्याण्णव प्रती काढणाऱ्या प्रकाशकानं एक प्रत 'लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा' या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जमा करायची असते, शंभर किंवा अधिक असतील तर दोन. नियतकालिकाची ओळख पटवणारा आयएसएसएन क्रमांकही तिथूनच विनामूल्य मिळतो. आणखी एक प्रत टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या मेरिल कलेक्शन या विज्ञानकथा-संग्रहाला द्यावी. विज्ञानकथा लेखिका जुडिथ मेरिल यांनी दिलेल्या पुस्तकांवर 1970 साली उभा राहिलेला हा संग्रह आता 239 कॉलेज स्ट्रीटवरच्या लिलियन एच. स्मिथ शाखेत आहे. संग्रहाला द्यायच्या प्रतीला स्टेनलेस स्टीलच्या पिना मारा, साध्या पिना गंजून कागद खातात. आणि अंकाचा क्रमांक व वर्ष मुखपृष्ठावर ठळक छापलेलं असू द्या. नुसता 'हिवाळी अंक' असेल तर तो कोणत्या वर्षाचा, हे नोंद करणाऱ्याला आतून शोधावं लागतं.