पितळेच्या पातेल्याला कल्हई: गरज कशी ओळखावी, करून कशी घ्यावी, टिकवावी कशी

पितळेच्या पातेल्यात रात्रभर राहिलेले ताक सकाळी कडेने हिरवट दिसते आणि जिभेवर ठेवले की तुरट-कडवट लागते. त्याला मराठीत नेमका एक शब्द आहे: ताक कळकले. तोंडाला पाणी सुटणारी जवळपास प्रत्येक गोष्ट अशी कळकते. दही, कढी, चिंचेची आमटी, आमसुलाचे सार, टोमॅटो, लिंबू, सगळेच.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. भांड्यांच्या पितळेत साधारण ६० ते ७० टक्के तांबे आणि बाकी बहुतेक जस्त असते. आंबट पदार्थातले आम्ल आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की दोन्ही धातू थोडेथोडे विरघळून अन्नात उतरतात. हिरवट झाक तांब्याच्या क्षारांची. असे अन्न पोटात गेले तर मळमळ, उलटी, पोटात कळा येणे हे तासाभरातसुद्धा होऊ शकते. कळकलेले ताक उकळून किंवा त्यात साखर घालून सुधारत नाही, कारण उतरलेला धातू उकळून निघून जात नाही. ते ओतूनच द्यावे.

यावरचा जुना उपाय म्हणजे भांड्याला आतून कथलाचा पातळ थर देणे, म्हणजेच कल्हई. कथील पितळेइतके सहज विरघळत नाही, आणि विरघळले तरी थोड्या प्रमाणात ते शरीराला तांब्याइतके त्रासदायक नसते. डबाबंद खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांवरही कथलाचाच थर असतो.

आधी ठरवा: कल्हई लागते का?

सगळ्या पितळेला कल्हई लागत नाही. हंडा, कळशी, घंगाळ, बंब यांत नुसते पाणी असते, त्यांना नको. समई, घंटा यांचा तर प्रश्नच नाही. कोरडे धान्य ठेवायचा डबा तसाच चालतो. परातीत कणीक मळून लगेच काढून घेणार असाल तर तीही चालेल, पण ताक घातलेले थालीपिठाचे पीठ किंवा इडलीचे आंबवण तिच्यात तासन् तास ठेवू नका. तांब्याच्या तांब्यात रात्रभर पाणी ठेवायला हरकत नाही. त्यात लिंबू पिळले की मात्र गणित बदलते.

पातेले, टोप, तपेली, कढई, चरवी, ज्यात अन्न शिजते किंवा दूध-दही राहते, त्या सगळ्यांना कल्हई हवीच. हे केवळ आजीबाईंचे सांगणे नव्हे. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांतही नीट कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे अन्न भरून ठेवायला अयोग्य ठरवले होते.

तूप कढवायचे किंवा साठवायचे पितळी भांडे अनेकजण विसरतात. तुपात आंबटपणा नसतो म्हणून ते सुरक्षित वाटते. पण तांब्याचा अंश स्निग्ध पदार्थ खवट होण्याचा वेग वाढवतो, त्यामुळे तुपाच्या भांड्यालाही कल्हई असावी.

जुनी कल्हई तपासायची कशी

भांडे स्वच्छ धुऊन, पुसून उजेडात धरा. कल्हई काळवंडली किंवा करडी पडली म्हणजे संपली असे नाही. तो कथलावरचा ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तो निरुपद्रवी आहे. बघायचे ते पिवळे किंवा तांबूस डाग. बहुधा ते तळाच्या मध्यावर, तळ आणि भिंत मिळते त्या गोलाईत आणि पळी जिथे नेहमी टेकते त्या जागी आधी दिसतात.

शंका असेल तर त्या जागेवर लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाका, दहा मिनिटे थांबा आणि पांढऱ्या कापसाने टिपा. डागाची जागा झळझळीत पिवळी-तांबूस उजळली किंवा कापसाला हिरवट-निळसर छटा आली तर पितळ उघडे पडले आहे. रुपयाच्या नाण्याएवढा एक डाग पडला तरी आंबट पदार्थांसाठी ते भांडे बाजूला ठेवावे. असा डाग तिथेच थांबत नाही. ओलावा आणि आम्ल असेल तेव्हा उघड्या पितळेच्या शेजारचे कथील अधिक वेगाने झिजते आणि डाग कडेकडेने पसरत जातो.

भांडे नेण्यापूर्वी

करपलेले, चिकट, तेलकट असे काही आत राहू देऊ नका. गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून भांडे तासभर भिजवा, मग काथ्याने घासा. तेलाचा डाग राहिला तर तिथे कथील धरत नाही.

मग भांडे उलटेपालटे करून जोड पाहा. कुठे डाग दिलेला असेल, म्हणजे झाळून छिद्र बुजवले असेल किंवा कान बसवला असेल, तर कल्हईवाल्याला आधी दाखवा. साधा डाग शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा असतो आणि ते मिश्रण १८३ अंश सेल्सिअसपासूनच वितळू लागते. कल्हईची भट्टी त्याहून कितीतरी तापते. न सांगता दिलेल्या भांड्याचा कान भट्टीवर गळून पडला तर दोष कारागिराचा नाही. शिशाचा डाग भांड्याच्या आतल्या बाजूला असेल तर त्यात स्वयंपाक करूच नये.

भट्टीवर काय पाहावे

भांडे टाकून घरी जाऊ नका. सगळे काम दहा-पंधरा मिनिटांचे असते आणि समोर उभे राहिले की त्याचा कस कळतो.

पहिले काम सफाईचे. कारागीर कॉस्टिक सोड्याने, तेजाबाने किंवा वाळू-चिंचेने आतला भाग घासतो. पितळ आतून सगळीकडे एकसारखे पिवळे दिसायला हवे. काळे ठिपके राहिले असतील तर तिथेच सांगा, कारण वर कथील चढल्यावर ते दिसणार नाहीत आणि थर मात्र तिथूनच सुटेल.

मग भांडे सांडशीने धरून निखाऱ्यावर फिरवत तापवतात. भात्याने किंवा आता पंख्याने वारा घालतात. भांडे पुरेसे तापले की त्यात नवसागराची पूड टाकतात आणि दाट पांढरा धूर उसळतो. कल्हईतले सगळ्यात महत्त्वाचे रसायन घडते ते याच क्षणी. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. साधारण ३४० अंशांच्या आसपास त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड पितळेवरचा ऑक्साइडचा पापुद्रा खाऊन टाकतो आणि खालचा निखळ धातू उघडा पडतो. वर हवेत गार झाल्यावर ते दोन वायू पुन्हा एकमेकांना मिळतात आणि नवसागराचे बारीक पांढरे कण तयार होतात. आपण ज्याला धूर म्हणतो ते हेच कण. तो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा आणि लहान मुलांना, दम्याच्या रुग्णांना दूर ठेवा. घरच्या गॅसवर, बंद स्वयंपाकघरात हा प्रयोग करू नये, तो याच कारणासाठी.

नवसागरापाठोपाठ कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवतात. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे कांडीचे टोक टेकताच लोण्यासारखे ओघळते. लगेच कापसाच्या बोळ्याने ते गोल गोल पसरवले की पिवळ्या भांड्यात पारा सांडावा तशी चंदेरी झळाळी तळातून कडेपर्यंत धावत जाते. हे पसरणे म्हणजे नुसते रंगकाम नव्हे. वितळलेले कथील खालच्या तांब्याशी मिळून दोहोंच्या मध्ये मिश्रधातूचा अतिपातळ थर बनवते. चांगली कल्हई नखाने खरवडून निघत नाही, ती या थरामुळे.

बिघडते ते बहुधा तापमानावरून. भांडे कमी तापले तर कथील पसरत नाही, गोळ्या-गुठळ्या होतात आणि बोळ्याबरोबर ओढले जाते. जास्त तापले तर नवसागर काम करण्याआधीच उडून जातो, पितळेवर पुन्हा ऑक्साइड धरते आणि कथलावर पिवळट-निळसर छटा येते. मोठ्या पातेल्याचा तळ तापतो आणि कड गार राहते, म्हणून अनुभवी कारागीर भांडे सतत फिरवत असतो आणि कडेला पुन्हा वेगळा नवसागर मारतो. शेवटी भांडे पाण्यात बुडवून गार करतात, नाहीतर वितळलेले कथील ओघळून तळाशी साचते.

किती कथील लागते याचा अंदाज असावा. २४ सेंटिमीटर व्यासाचे आणि १४ सेंटिमीटर उंचीचे पातेले घेतले तर आतला पृष्ठभाग सुमारे १,५०० चौरस सेंटिमीटर भरतो. थर १० मायक्रॉनचा धरला आणि कथलाची घनता ७.३ मानली तर भांड्यावर राहते ते ११ ग्रॅमच्या आसपास. पुसण्यात, बोळ्यात जाणारे वेगळे. म्हणजे कल्हईचे पैसे प्रामुख्याने मेहनतीचे आणि कौशल्याचे असतात. ते द्यायला कुरकुर करू नये. भट्टीसमोर धुरात बसून हे काम करणारे हात कमी होत चालले आहेत.

शिशाची भेसळ

घासाघीस करण्यापेक्षा जास्त लक्ष इथे द्या. शिसे कथलापेक्षा कितीतरी स्वस्त असते, आणि दोन्हींचे मिश्रण कमी तापमानाला वितळून सहज पसरते. त्यामुळे काम सोपे आणि स्वस्त होते. पण शिसे आंबट पदार्थात उतरते आणि शरीरात साठत जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी ते फार घातक आहे. कल्हई झाल्यावर नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. तपासायची ती कांडी, आणि तीही काम सुरू होण्यापूर्वी.

शुद्ध कथलाची बारीक कांडी कानाजवळ धरून वाकवली तर आतून करकर असा बारीक आवाज येतो. कथलाचे स्फटिक एकमेकांवर सरकून वळतात, त्याचा तो आवाज. शिसे मिसळले की तो दबत जातो. दुसरी खूण कागदाची. कांडीचे टोक पांढऱ्या कागदावर जोर देऊन ओढा. शिसे पेन्सिलीसारखी करडी रेघ ठेवते, निव्वळ कथलाची तशी रेघ सहसा उठत नाही. या दोन्ही ढोबळ चाचण्या आहेत, प्रयोगशाळेची बरोबरी करत नाहीत. म्हणून एक गोष्ट स्पष्ट विचारा: कांडी कथलाची आहे की झाळकामाची? झाळकामाच्या कांडीत शिसे असू शकते, ती भांड्याच्या आत लावू देऊ नका.

घरी आणल्यावर

आत नवसागराचे कण राहिलेले असतात. साबणाने धुवा, मग भांडेभर पाणी उकळून ओतून द्या. हे दोनदा करा. पहिल्यांदा वरण किंवा भात शिजवा, आंबट पदार्थ नंतर.

कल्हई टिकवायची तर

२३२ हा आकडा लक्षात ठेवा. भांड्यात पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि कल्हईला काही होत नाही. रिकामे पातेले मोठ्या आचेवर विसरलात तर काही मिनिटांत कथील वितळून त्याचे मणी होतात. तेलाचे गणित अधिक फसवे असते. रिफाइंड शेंगदाणा तेलाला साधारण २३० अंशांच्या आसपास धूर सुटतो. म्हणजे फोडणीचे तेल धुरावले तर त्याखालची कल्हई वितळण्याच्या बेतात आलेली असते. आमटीची फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतावी. कल्हईच्या भांड्यात तळणी करू नये, कांदाही मंद आचेवर परतावा.

लाकडी पळी वापरा. कथील इतके मऊ असते की स्टीलचा उलथणाही त्याला ओरखडतो, आणि तारेच्या घासणीने तर आठवड्यात थर निघून जातो. मऊ घासणी किंवा काथ्या पुरे. खाली लागले असेल तर खरवडू नका, गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवा.

चिंच-मीठ, लिंबू किंवा पितळ उजळायची पावडर फक्त बाहेरून लावा. आतून लावली तर चकाकी येते खरी, पण ती कल्हई झिजून आलेली असते. बाहेरूनही चिंच लावून तासभर ठेवू नका. आम्ल पितळेतले जस्त आधी ओढून घेते आणि मागे तांब्याचे गुलाबी चट्टे राहतात. ते सहज घासून जात नाहीत. दोन मिनिटांत धुऊन लगेच कोरडे पुसा.

कल्हई असली तरी आंबट पदार्थ रात्रभर भांड्यात ठेवू नये. आमटी झाली, जेवणे झाली की उरलेली स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा. लोणचे, दही आणि सोलकढी चिनीमातीच्या बरणीत किंवा काचेतच ठेवावी. पुन्हा कल्हई केव्हा करायची ते कॅलेंडर पाहून ठरवता येत नाही. रोज वापरात असलेले पातेले महिन्यातून एकदा उजेडात धरून त्याची गोलाई पाहावी, आणि पिवळे दिसले की कल्हईला काढावे.