परग्रहवासी बोलता कसा करावा

लघुपटासाठी परग्रहावरचा जीव करायचा म्हटलं की आपण सगळे आधी चेहरा काढायला बसतो. मीही तेच केलं होतं. ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन महिने घालवून मोठ्या डोळ्यांचा, ओठ नसलेला एक जीव उभा केला आणि संवाद शेवटी रेकॉर्ड केले. पहिलंच वाक्य होतं, ‘मला पाणी पाहिजे.’ ओठच नाहीत, तर ‘म’ आणि ‘प’ निघणार कुठून? पडद्यावर तोंड उघडंच, आणि आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी. सगळं पुन्हा करावं लागलं.

म्हणून सुरुवात कागदावर करा. हा जीव श्वास कुठून घेतो, त्याचा आवाज अंगात कुठे घुमतो आणि तोंड मिटतं कसं, एवढं आधी लिहून काढा. कातडीचा रंग नंतर ठरवता येतो.

मला माझं उत्तर मिरजेत सापडलं. तिथे वाद्यं बनवणाऱ्यांच्या दुकानात तंबोरा जुळवताना नुसतं उभं राहावं. तार छेडली की आवाज तबलीतून आणि भोपळ्यातून भरून येतो. भोपळ्यावर तळवा टेकला तर थरथर हाताला लागते. मग कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवतो, आणि एका जागी तोच सूर एकदम खुलतो. माझ्या जीवाच्या पाठीला मी तसाच भोपळा दिला. तो बोलायच्या आधी भोपळा फुगतो, बोलताना थरथरतो.

ओठ नसतील तर संवादही तसे लिहा. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय नीट निघत नाहीत. हे आपल्याकडे नवीन नाही. मोरोपंतांनी असे ओष्ठ्य, म्हणजे ओठांनी उच्चारायचे, वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचलं आहे. मी ‘मला पाणी पाहिजे’ काढून ‘तहान लागली’ केलं. वाक्य छोटं झालं आणि जास्त त्याचं वाटायला लागलं.

आवाजासाठी हौशी नाटकातला माणूस शोधा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं. त्या परंपरेतल्या पौराणिक नाटकांत राक्षस ‘अललडुर्र’ करत रंगमंचावर यायचे, म्हणजे माणसाचा नसलेला आवाज माणसाच्या गळ्यातून काढणं हे इथलं जुनंच काम आहे. कलाकाराला दातांत पेन्सिल धरून, ओठ न जुळवता दहा मिनिटं बोलायला लावा. मग पेन्सिल काढून रेकॉर्ड करा. जबड्याची ती सवय थोडा वेळ टिकते.

स्टुडिओ लागत नाही. पंखा बंद, खिडकीला गोधडी, माइक तोंडापासून एक वीत आणि किंचित बाजूला. उन्हाळ्यात दिवसा रसवंतीची घुंगरं प्रत्येक टेकमध्ये येतात, तेव्हा रात्री उशिरा बसा. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. प्रत्येक वाक्य चार-पाच तऱ्हांनी बोलून घ्या आणि कलाकाराच्या चेहऱ्याचं मोबाइलवर चित्रण करा. पुढे जीवाचं तोंड हलवताना हे चित्रण फार उपयोगी पडतं.

आवाजावर काम करायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मूळ टेकला हात लावू नका. प्रतीवर काम करा. पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, दोन-तीन सेमीटोनच (अर्ध्या सुरांच्या पायऱ्या) हलवा, फार ताणलं की शब्द चिरकतात किंवा बसतात. खाली तंबोऱ्याचा सूर अगदी मंद ठेवा, कळेल न कळेल इतकाच.

आता मॉडेल. जबड्याभोवतीची जाळी, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग बनवणाऱ्या रेषा, गोल वळशांनी बांधा, म्हणजे तोंड उघडताना गाल फाटल्यासारखे दिसत नाहीत. रिग केल्यावर, म्हणजे मॉडेल हलवायला आत सांगाडा बसवल्यावर, आ, ई, ऊ आणि मिटलेलं तोंड अशा चार शेप की, म्हणजे तोंडाचे साठवलेले आकार, पुरतात. एका सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण अक्षर न् अक्षर अ‍ॅनिमेट करू नका, तोंड नुसतं फडफडतं. ‘तहान लागली’मध्ये ‘हा’ला मोठं तोंड, ‘ला’ला जरा कमी, ‘ली’ला पसरट, बस्स. आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी यायला हवा. नजर वळली की मान दोन-तीन फ्रेम मागून वळू द्या. माझ्या मते जीव जिवंत वाटतो तो इथे, लिपसिंकमध्ये, म्हणजे तोंड आवाजाशी जुळवण्यात, नाही.

रेंडर करताना, म्हणजे मॉडेलमधून अंतिम चित्रं काढताना, एकेक फ्रेम वेगळ्या पीएनजी चित्राच्या फाइलमध्ये साठवा. वीज गेली तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.

शेवटी प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. मग चित्र झाकून, गोष्ट माहीत नसलेल्या कुणाला तरी फक्त ऐकवा. मी आजीला ऐकवलं. ती डोळे मिटून बसली होती. ऐकलं आणि म्हणाली, “कोण हाय रं त्यो? पाणी दे की त्येला.”