पायथनमधलं नेम्ड टपल: रकान्यांना नावं कशी द्यावीत

चुलतभावाचा कांदा बाजार समितीत गेला की अडत्याकडून हिशोबपट्टी येते. किती गोणी, वजन किती क्विंटल, दर काय लागला, हमाली किती कापली, तोलाई किती. दोन हंगामांपूर्वी या पट्ट्यांचा हिशोब मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बसवून दिला. प्रत्येक पट्टी म्हणजे एक साधं टपल, कंसात ओळीनं सहा किमती:

```
("१२ मार्च", ४०, २०.५, १६००, २१०, ९५)
```

हातात पडणारी रक्कम काढायला वजन गुणिले दर, वजा हमाली, वजा तोलाई. म्हणजे `प[२] * प[३] - प[४] - प[५]`. पायथन शून्यापासून मोजतो, त्यामुळे वजन तिसरं असूनही त्याचा आकडा दोन. उत्तर ३२,४९५ आलं. काम झालं.

मग एके दिवशी पट्टीवर वाराई या कपातीचा आणखी एक रकाना आला. ६० रुपये. कागदावर तो हमाली आणि तोलाईच्या मध्ये होता, म्हणून मीही तो मध्येच घातला. आता पाचव्या आकड्यावर तोलाईऐवजी वाराई बसली आणि तोलाई सहाव्यावर सरकली. सूत्र मात्र जुनंच. पायथननं हूं की चूं केलं नाही. पंधरवड्यानं भाऊ वही घेऊन आला, "दादा, माझ्या वहीत आणि तुझ्या कॉम्प्युटरात दर पट्टीला तोलाईएवढाच फरक का येतोय रे?" आणि मग माझी ट्यूब पेटली.

हे टाळायची सोय पायथनमध्ये २००८ सालच्या २.६ आवृत्तीपासून आहे. तिचं नाव नेम्ड टपल. टपल तेच, फक्त प्रत्येक जागेला नाव.

एक खुलासा आधीच करतो. पायथनचे स्वतःचे शब्द मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांतच हवेत. कोडमध्ये थेट लिहिलेले आकडेही इंग्रजीच लागतात, देवनागरी आकडा दिसला की पायथन अडतो. पण व्हेरिएबलची आणि फील्डची, म्हणजे रकान्यांची, नावं खरोखरच मराठीत चालतात. पायथन ३ पासून ही मुभा आहे, आणि घरच्या हिशोबाला ती फार सोयीची पडते.

पहिली पायरी: साचा तयार करा

```
फ्रॉम कलेक्शन्स इम्पोर्ट नेम्डटपल

पट्टी = नेम्डटपल("पट्टी", "दिनांक गोणी वजन दर हमाली तोलाई")
```

कंसातलं पहिलं "पट्टी" म्हणजे छापताना दिसणारं नाव. ते आणि डावीकडचं नाव एकच ठेवा. वेगळं ठेवलंत तर पुढे कधी पिकल करून फाइलीत साठवताना अडेल. दुसऱ्या अवतरणात फील्डची नावं, मध्ये मोकळी जागा किंवा स्वल्पविराम. लिस्ट दिली तरी चालते.

दुसरी पायरी: भरा आणि वाचा

```
प = पट्टी("१२ मार्च", ४०, २०.५, १६००, २१०, ९५)
निव्वळ = प.वजन * प.दर - प.हमाली - प.तोलाई
```

ही दुसरी ओळ भावाला दाखवली तर त्यालाही कळते. मला वाटतं नेम्ड टपलचा निम्मा फायदा इथेच वसूल होतो. उरलेला निम्मा चूक झाल्यावर. `प.तोलाइ` असं ऱ्हस्व लिहिलंत तर पायथन त्याच ओळीवर थांबतो आणि असं फील्डच नाही म्हणून सांगतो. माझ्या जुन्या कोडमध्ये चूक पंधरा दिवस गुपचूप बसली होती.

किमती नावानिशी भरल्या (`दर=१६००, हमाली=२१०` अशा) तर क्रमाचीही चिंता नाही. आणि हे शेवटी टपलच असल्यानं `प[३]` चालतं, फॉर लूप चालतो, डिक्शनरीची की म्हणूनही वापरता येतं. मेमरीही साध्या टपलपेक्षा जास्त खात नाही, कारण नावं साच्यात एकदाच असतात, प्रत्येक पट्टीबरोबर फिरत नाहीत.

तिसरी पायरी: नवा रकाना शेवटी जोडा

मध्ये घातला तर नावानं वाचणारी सूत्रं बिघडत नाहीत हे खरं, पण ओळीनं सहा किमती भरणारी जुनी ओळ तोलाई मिळाली नाही म्हणून एरर देईल. त्यापेक्षा:

```
पट्टी = नेम्डटपल("पट्टी",
    "दिनांक गोणी वजन दर हमाली तोलाई वाराई",
    डिफॉल्ट्स=[०])
```

डिफॉल्ट किमती उजवीकडून लागतात. इथे एकच दिली, म्हणून ती वाराईला. जुन्या पट्ट्यांची वाराई शून्य धरली जाईल आणि त्या जशाच्या तशा चालतील. ही सोय ३.७ आवृत्तीपासून.

चौथी पायरी: बदल करायचा असेल तर नवी प्रत

भरलेली पट्टी बदलता येत नाही. `प.दर = १६५०` लिहिलं की एरर. शाईनं लिहिलेल्या पट्टीवर खाडाखोड करत नाहीत, दुसरी फाडतात, तसंच:

```
प = प._रिप्लेस(दर=१६५०)
```

सुरुवातीच्या अंडरस्कोरला बिचकू नका. एरवी पायथनमध्ये तो 'आतलं आहे, हात लावू नका' अशा अर्थानं असतो. इथे मात्र तुमच्या फील्डच्या नावाशी टक्कर होऊ नये म्हणून लावलाय. म्हणूनच तुमच्या फील्डचं नाव अंडरस्कोरनं सुरू करता येत नाही. याच घराण्यातली `_फील्ड्स` सगळी नावं देते, `_ॲझडिक्ट` डिक्शनरी करून देते आणि `_मेक` एखाद्या लिस्टमधून पट्टी बनवते.

फाइलीतून वाचताना

खरी गंमत आणि खरा ताप इथे आहे. एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल, काढायची, पहिल्या ओळीतली शीर्षकं फील्डची नावं म्हणून द्यायची आणि पुढची प्रत्येक ओळ `पट्टी._मेक(ओळ)` करायची, इतकं सोपं वाटतं. मी तसं केलं आणि पायथन म्हणाला, 'दिनांक' हे नाव वैध नाही. डोळे फाडफाडून पाहिलं, दिनांकच होतं! एक्सेल यूटीएफ-८ सीएसव्ही देताना फाइलीच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह ठेवतं, ते पहिल्या शीर्षकाला चिकटून येतं. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलंत की ते गळून पडतं.

दुसरी खोडी खास मराठीची. 'शेतकऱ्याचे_नाव' अशा शीर्षकातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर घालतात, ते चालतं. काही मात्र साधा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, पण दुसरं पायथनला नाव म्हणून मंजूर नाही. शंका आली तर त्या नावावर `इजआयडेंटिफायर` ही मेथड चालवा, फॉल्स, म्हणजे खोटं, आलं तर शब्द वेगळं अक्षर ऱ वापरून पुन्हा टाइप करा. शीर्षकात 'निव्वळ रक्कम' अशी मोकळी जागा असेल तर तिथे अंडरस्कोर टाका. `रीनेम=ट्रू` दिल्यास पायथन न चालणाऱ्या नावांच्या जागी `_३`, `_४` अशी नावं स्वतः बसवतो. पण मग आपण पुन्हा आकड्यांवरच आलो, म्हणून मी ते वापरत नाही.

आणि सीएसव्हीतून येतं ते सगळं मजकूर म्हणून येतं. वजन आणि दर फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, बदलून मगच गुणा. इथे मात्र सुखद धक्का: फ्लोट आणि इंट (पूर्णांक) हे दोघे मजकुरातले देवनागरी आकडे वाचतात. भावानं मोबाइलवर '२०.५' टाइप केलेलं मला कधीच बदलावं लागलं नाही.

थोडं नीटनेटकं हवं असेल तर

फील्ड बरीच असतील तर टायपिंग मोड्यूलमधलं नेम्डटपल बघा (हे वेगळं, इंग्रजीत लिहिताना यातले एन आणि टी मोठे). ३.६ पासून ते क्लासच्या रूपात लिहिता येतं:

```
क्लास पट्टी(नेम्डटपल):
    दिनांक: स्ट्र
    वजन: फ्लोट
    दर: फ्लोट
    हमाली: फ्लोट = ०
    तोलाई: फ्लोट = ०
    वाराई: फ्लोट = ०

    डेफ निव्वळ(स्व):
        रिटर्न स्व.वजन * स्व.दर - स्व.हमाली - स्व.तोलाई - स्व.वाराई
```

सूत्र पट्टीच्या आतच राहतं, `प.निव्वळ()` म्हटलं की रक्कम हजर. सेल्फच्या जागी 'स्व' लिहिलंय ते खरंच चालतं, कारण सेल्फ हा निव्वळ रिवाज आहे. चार जणांनी वाचायचं कोड असेल तर मात्र रिवाज पाळा. प्रकार लिहिले म्हणून पायथन चालताना ते तपासत नाही, वजनात मजकूर भरला तर तोही मुकाट्यानं घेईल.

कुठे सांभाळायचं

दोन वेगळ्या साच्यांमध्ये त्याच किमती त्याच क्रमानं असतील तर पायथन त्यांना समान मानतो. तुलना किमतींची होते, नावांची नाही. कांद्याची पट्टी आणि डिझेलची पावती एकाच लिस्टमध्ये टाकून तुलना करणार असाल तर हे लक्षात असू द्या. आणि एकच नोंद दिवसभर पुन्हा पुन्हा बदलायची असेल, समजा गोदामातला शिल्लक साठा, तर नेम्ड टपलच्या नादी लागू नका. त्या कामाला ३.७ पासून आलेला डेटाक्लास बरा.

जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती पाठवायच्या मजकूर-स्वरूपात, पाठवतानाही सावध. पट्टी तशीच दिली तर पलीकडे नुसती यादी पोहोचते आणि सगळी नावं वाटेत गळतात. मोबाइल ॲप करणाऱ्या मित्राला मी अशी फाइल पाठवली, तेव्हा त्यानं विचारलं, "यातला चौथा आकडा कसला?" पाठवण्याआधी `_ॲझडिक्ट()` करायचं राहून गेलं होतं.