इग्निशन लॉक बदला, पण चावी जुनीच ठेवा

स्कूटरचं इग्निशन लॉक खराब झालं की दुकानदार अख्खा लॉकसेट पुढे करतो. नुसतं इग्निशन बदललं, तर डिकी आणि पेट्रोलच्या झाकणासाठी जुनी चावी वेगळी बाळगावी लागते. यावर उपाय आहे. लॉकच्या नळीत पितळेच्या छोट्या पट्ट्या असतात, प्रत्येकीखाली केसासारखी बारीक स्प्रिंग. बरोबर चावी घातली की सगळ्या पट्ट्या नळीच्या कडेशी सपाट बसतात आणि नळी फिरते. चांगला चावीवाला नव्या लॉकमधल्या पट्ट्या तुमच्या चावीच्या दातांप्रमाणे बदलून देतो. जुन्या लॉकमधल्या पट्ट्या फार झिजल्या नसतील तर त्याही चालतात. म्हणून जुनं लॉक भंगारात टाकू नका, सोबत न्या.

एक मात्र बजावून सांगा: पट्ट्या कानशीने घासून जुळवायच्या नाहीत, काढूनही टाकायच्या नाहीत. तसं केलं की दुसऱ्याच चावीनेही लॉक फिरू शकतं. चावीच झिजली असेल, तर न वापरलेल्या जोडचावीवरून जुळवणी करून घ्या. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. चिपवाली चावी असलेल्या कारचं काम मात्र सर्व्हिस सेंटरलाच द्या.