नॉमिनी लावला म्हणजे झालं? घर आणि पैसा वारसांपर्यंत सुखरूप पोचवायचा तर या चुका टाळा

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद मी अकरा वर्षं सांभाळते आहे. या काळात आमचे सात सभासद गेले. सातांपैकी एकाच घरचे कागद धड होते. बाकीच्या सहा घरांतून एकच वाक्य ऐकलं, "नॉमिनी लावलाय ना, मग अडतंय कुठे?" अडतं ते नेमकं तिथेच.

नॉमिनी म्हणजे पैसे किंवा घर ताब्यात घेऊन खऱ्या वारसांपर्यंत पोचवणारा माणूस. तो मालक होत नाही. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्येच सर्बती देवी खटल्यात सांगितलं. पुढे 2015 पासून आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांना विम्यात 'लाभार्थी नॉमिनी', म्हणजे पैसे स्वतःच्या हक्काने मिळणारा नॉमिनी, नेमायची तरतूद आली, ती विम्यापुरतीच. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांचा प्रश्न डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात निकाली निघाला, आणि उत्तर तेच आलं. फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 साली आलेल्या कलम 154ब-13 प्रमाणे नॉमिनीला सोसायटी घेते ती तात्पुरता सदस्य म्हणून, खरे वारस नोंदले जाईपर्यंत.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी थोरल्या मुलाला नॉमिनी केलं होतं, कारण फॉर्म भरला त्या दिवशी तो घरात होता. काका गेले. दोन वर्षांनी मुलाने फ्लॅट विकायला काढला, टोकनही घेतलं. घेणाऱ्याच्या बँकेच्या वकिलाने विचारलं, दोन बहिणींची हक्कसोडपत्रं कुठे आहेत? तो माझ्यासमोर फाईल उघडून बसला होता. फॉर्मवर वडिलांची सही, खाली स्वतःचं नाव, आणि त्या नावावर तो सारखं बोट ठेवत होता. त्याला मनापासून वाटत होतं की घर आपलं आहे. बहिणींना तितक्याच मनापासून वाटत होतं की भावाने फसवलं. लबाड त्यांच्यात कुणीच नव्हतं. एका रकान्याचा अर्थ वडिलांनी कुणाला सांगितला नव्हता, एवढंच.

म्हणून नॉमिनी लावू नका असं नाही, लावाच. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. भविष्य निर्वाह निधीत मात्र एक खाच आहे. लग्नाआधी केलेलं नामांकन लग्न होताच बाद होतं, नवं भरावं लागतं. नोकरीला लागताना आईचं नाव टाकलेलं आणि नंतर तिकडे पाहिलंच नाही, अशी माणसं प्रत्येक कचेरीत सापडतील.

मालकी कुणाकडे जाणार हे ठरतं मृत्युपत्राने. ते नसेल तर वारसा कायद्याने, आणि तो आपल्या मनासारखा चालेलच असं नाही. "नवऱ्यामागे सगळं बायकोचं" हा समज घरोघरी आहे. हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाची मिळकत विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांच्यात समान वाटली जाते. आईचा हिस्सा बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसतो. ती आई पुढे गेली की तिच्या हिश्श्यात दीर-नणंदाही येतात, आणि चाळिशीत विधवा झालेल्या बाईला राहत्या घरासाठी अख्ख्या सासरच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं.

बाईच्या मिळकतीचा नियम याहून कठोर आहे, आणि मला तो फार टोचतो. त्याच कायद्यातल्या कलम 15 प्रमाणे हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली तर पहिला हक्क मुलं आणि पती यांचा. ते नसतील तर दुसरा हक्क पतीच्या वारसांचा. तिच्या स्वतःच्या आई-वडिलांची पाळी त्यानंतर. माहेराकडून वारशाने आलेलं तेवढं, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जातं. तिने स्वतः कमावलेलं जात नाही.

2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली. सासरच्यांनी बाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. मृत्युपत्र न करता गेली, आणि तिची आयुष्यभराची कमाई नणंदेच्या मुलांकडे गेली. न्यायालयाला सहानुभूती होती, पण कायद्याचे शब्द स्पष्ट होते. माझ्या मावशीचंही वेगळं झालं नाही. शिक्षिका, मूलबाळ नाही, काका आधीच गेलेले. शेवटची सहा वर्षं तिला माझ्या आईने सांभाळलं. एफडीच्या पावत्या कपाटात पैठणीच्या घडीत होत्या, त्यांच्याबरोबर वहीच्या पानावर तिच्या अक्षरात "हे सगळं धाकटीला" असं लिहिलेलं, खाली सही. साक्षीदार एकही नाही. ते पान कायद्याच्या लेखी कोरंच. पैसे काकांच्या पुतण्यांना मिळाले. आईला पैशाचं दुःख नव्हतं. बहिणीने आपल्यासाठी काही लिहिलं होतं आणि ते कुणी मानलं नाही, हे तिला लागलं. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रियांनी मृत्युपत्र करून ठेवावं असं आवाहन केलं. विधवा, निपुत्रिक, एकट्या राहणाऱ्या किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईने हे काम या महिन्यातच करावं.

मृत्युपत्राला ना स्टॅम्प पेपर लागतो, ना मुद्रांक शुल्क. साधा कागद चालतो, मराठीत लिहिलेलं चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण जरूर करा. पैसे फारसे लागत नाहीत आणि "ही सही बाबांची नाहीच" म्हणणाऱ्याला जरा विचार करावा लागतो. खरी गोम साक्षीदारांत आहे. किमान दोन हवेत. करणाऱ्याने त्यांच्यादेखत सही करावी आणि त्यांनी त्याच्यादेखत. "तुम्ही नंतर सवडीने सही करा" असं म्हटलं की मृत्युपत्र डळमळलं. पुढे वाद झाला तर त्यांपैकी एकाला कोर्टात सांगावं लागतं की हो, माझ्यासमोर सही झाली. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी साक्षीला आपलेच दोन मित्र घेतले. एक त्यांच्याआधी गेले, दुसऱ्यांना स्मृतिभ्रंश. शिवाय चार पानांपैकी फक्त शेवटच्या पानावर सही, आणि दुसऱ्या पानाचा टाइप बाकीच्यांपेक्षा वेगळा. पान नंतर बदललं का? कदाचित प्रिंटरच वेगळा असेल. पण शंका घ्यायला तेवढं पुरलं, आणि सुनेने घेतली.

तेव्हा साक्षीदार वयाने लहान घ्या, ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळायचं नाही असेच घ्या. पानांना "4 पैकी 1" असे क्रमांक टाका, प्रत्येक पानावर सही करा. सत्तरीपुढे असाल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. मिळकतीचं वर्णन सातबारावर किंवा करारनाम्यात आहे तसंच उतरवा. "गावची जमीन" एवढं लिहून भागत नाही, गट नंबर हवा. आणि शेवटी "वर न लिहिलेलं बाकी सर्व अमक्याला" हे वाक्य विसरू नका, नाहीतर नंतर उघडलेली एफडी पुन्हा वारसा कायद्याच्या वाटेने जाते.

जे आपलं नाही तेही लोक लिहून टाकतात. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि नवऱ्याच्या मृत्युपत्रात अख्खा फ्लॅट मुलाला. वडिलोपार्जित जमिनीतही आपल्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र करता येतं. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानेच सहहिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क जात नाही, हे 2020 च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. "लग्नात हुंडा-दागिने दिले, आता तिचं काय उरलं" हा हिशेब कायद्यात बसत नाही.

आता प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा शिक्का. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यातल्या कलम 213 मुळे मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांत हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी यांच्या मृत्युपत्रांना तो सक्तीचा होता. मृत्युपत्र तिथे केलेलं असो की घर तिथे असो. ठाणे, डोंबिवली, पुण्यात केलेल्या आणि तिथल्याच घराच्या मृत्युपत्राला तो कधीच सक्तीचा नव्हता, तरी इथल्या सोसायट्याही डोळे झाकून मागत आल्या. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकलं. फार चांगलं झालं. पण यातून "आता मृत्युपत्र दाखवलं की काम झालं" असा अर्थ काढू नका. सक्ती गेली, शंका घेण्याचा हक्क गेलेला नाही. एखादा वारस हरकत घेणार हे दिसत असेल, किंवा साक्षीदार थकलेले असतील, तर प्रोबेट आपणहून घेतलेलं बरं. ते मिळालं तरी घर मुळात करणाऱ्याचं होतं का, हे त्यातून ठरत नाही.

अमेरिकेतले नातलग सांगतात, "प्रोबेट टाळायला ट्रस्ट करा." तिकडे त्याला कारण आहे. आपल्याकडे मृत्युकर 1985 मध्येच गेला, प्रोबेटची सक्तीही गेली, आणि फ्लॅट ट्रस्टच्या नावे करायचा तर मुद्रांक शुल्क लागतं. ट्रस्ट जरूर करावा तो स्वतःचे व्यवहार पाहू न शकणाऱ्या मुलासाठी, ज्याच्या औषधपाण्याची सोय आपल्यामागेही चालू राहायला हवी. परदेशी असाल तर दुसरीकडे लक्ष द्या. तिथल्या मृत्युपत्रात "याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे ठरीव वाक्य असतं, आणि त्याने इथलं मृत्युपत्रही रद्द होऊ शकतं. कुठलं मृत्युपत्र कुठल्या देशातल्या मिळकतीचं, हे दोन्हींत लिहा.

बक्षीसपत्राची घाई हीसुद्धा मोठी चूक आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त म्हणून आई-वडील जिवंतपणीच सगळं देऊन मोकळे होतात. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. द्यायचंच असेल तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे त्यात लिहा. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम 23 चा आधार त्या अटीमुळे मिळतो. पोटच्या पोरांना अट घालताना जीव अवघडतो, ठाऊक आहे. तरी लिहा.

कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करायचा दुसऱ्याला दिलेला अधिकार, देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं, त्यावर नंतर केलेली सही निरर्थक. वडिलांचं एटीएम कार्ड त्यांच्यामागे वापरणंही टाळा, घरखर्चासाठी असलं तरी. बाकीचे वारस त्याचा हिशेब मागतात. शेतीची वारस नोंद तीन महिन्यांच्या आत कळवायची असते, पण सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

गोव्यातल्या मंडळींनी वरचं बरंचसं बाजूला ठेवावं. तिथे पोर्तुगीज वळणाचा 2012 चा वारसा कायदा आहे. मुलं असतील तर साधारण अर्ध्याच मिळकतीचं मृत्युपत्र करता येतं, उरलेला अर्धा भाग मुलांचा ठरलेला. मृत्युपत्रही तिथल्या नोटरीच्या दप्तरी व्हावं लागतं. मूळ गोवेकराचं महाराष्ट्रातलं घरही याच कायद्याखाली येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं.

सातातलं ते एक घर तळमजल्यावरचं. काकू गेल्या, तेरावा झाला, आणि त्यांची मुलगी एक खाकी पाकीट घेऊन माझ्याकडे आली. आत नोंदणी केलेलं मृत्युपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, खात्यांची आणि पॉलिसींची हाताने लिहिलेली यादी, लॉकरची किल्ली कुठे आहे ते. दोन्ही साक्षीदारांचे फोन नंबरही होते. यादीच्या तळाशी काकूंनी लिहिलं होतं की घर मुलीला का आणि ठेवी मुलाला का, दोन-दोन ओळींत. मुलगा बहिणीबरोबरच आला होता, त्याने उभ्या उभ्या ना-हरकत लिहून दिली. पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये नाव चढलं.