संमेलनात स्मार्ट बिल्ले लावायचे असतील तर: तयारीची यादी

मागच्या जानेवारीत इंदूरला आमच्या मंडळींचं दोन दिवसांचं अधिवेशन झालं. साडेसहाशे माणसं, तीन सभागृहं आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या गळ्यात स्मार्ट बिल्ले, म्हणजे दारातलं यंत्र वाचतं आणि कोण कुठे आलं ते नोंदवतं असे. नोंदणी आणि दारं माझ्याकडे होती. पहिल्या दिवशी दुपारी रामबागेतले एक आजोबा दिसेनात. वय शहात्तर, मधुमेह. त्यांच्या सूनबाई माझ्याकडे आल्या. मी पडद्यावर पाहिलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "सभागृह दोनमध्येच आहेत ताई, अकरा बेचाळीसची नोंद आहे." पाऊण तास आम्ही ते सभागृह, त्यामागची खोली, स्वच्छतागृहं पालथी घातली. आजोबा केव्हाच स्वयंपाकघराकडच्या दारानं बाहेर पडले होते. त्या दाराला रीडर, म्हणजे बिल्ला वाचणारं यंत्र, नव्हता. ते पार्किंगच्या भिंतीशी बसले होते, साखर उतरलेली, अंग घामानं भिजलेलं. बाहेरच्या चहावाल्यानं ओळखून साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

यंदा काम पुन्हा माझ्याकडेच आहे आणि दुसऱ्या गावांतली मंडळीही विचारतायत, म्हणून ही यादी.

सगळ्यात आधी बाहेर पडण्याची नोंद. पुढेही हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. यंत्रणा विकणारा माणूस तुम्हाला आत येण्याची नोंद दाखवेल, कारण ती दाखवायला छान असते: बिल्ला टेकवला, हिरवा दिवा, पडद्यावर नाव. या तंत्राची घडणच तशी आहे. मार्च २००९मध्ये ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात फोरस्क्वेअर हे फोनवरचं ॲप आलं, तेव्हापासून 'चेक-इन' म्हणजे 'मी इथे आलो' एवढंच सांगणं. 'मी निघालो' असं सांगायची कोणालाच सवय नाही. बिल्ला शेवटचा कुठे वाचला गेला तेवढं पडद्यावर दिसतं, त्यानंतर माणूस कुठे गेला ते नाही. म्हणून ठरवाठरवीच्या पहिल्याच बैठकीत विचारा: माणूस बाहेर पडला हे कशावरून कळणार? उत्तर मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका.

मग दारं मोजा. नकाशावर नव्हे, पायांनी. मी नकाशावर चार मोजली होती, प्रत्यक्षात सात निघाली: स्वयंपाकघराकडचं, मंचामागचं आणि जनरेटरच्या खोलीजवळचं जाळीचं अशी तीन राहिली. दुपारी बाराला पुन्हा एक फेरी मारा, कारण सकाळी बंद असलेलं दार केटरिंगवाले जेवणाच्या वेळी उघडतात. ज्या दाराला रीडर लावणं जमणार नाही तिथे माणूस बसवा. माणूसही नसेल तर ते दार जाण्यायेण्यासाठी वापरू नका असं ठरवा. पण आगीच्या वेळी बाहेर पडायचं दार कुलूपबंद करायचं नाही, कोणत्याही कारणानं नाही. तिथे उघडलं की वाजणारी साधी घंटी लावा.

आता बिल्ला कोणता घ्यायचा. क्यूआर स्वस्त, घरी छापता येतो, फोननं वाचता येतो. १९९४मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हनं तो मोटारीच्या सुट्या भागांसाठी काढला. त्यात चूक सुधारायची सोय असते आणि सगळ्यात वरची पातळी निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. तीच पातळी निवडा, कारण पोहे-जिलबीच्या बशीवर बिल्ला लोंबकळतोच. चकचकीत लॅमिनेशन टाळा, हॉलमधल्या दिव्याचा झोत पडला की कॅमेऱ्याला काही दिसत नाही. चौकोनाभोवतीची पांढरी जागा खाऊ नका, प्रायोजकाचं बोधचिन्ह तिथे घुसवायचा आग्रह होईल, तो मानू नका. आणि क्यूआरमध्ये फक्त एक क्रमांक ठेवा. नाव नको, फोन नंबर तर अजिबात नको. कोणीही अनोळखी माणूस खिशातल्या फोननं तो वाचू शकतो.

क्यूआरची खरी अडचण ही की माणसानं थांबून तो दाखवावा लागतो. आत येताना लोक थांबतात, बाहेर जाताना कोणी थांबत नाही. नुसत्या क्यूआरवर विसंबलात तर निघणाऱ्यांची नोंद होणारच नाही, किंवा दारावर दोन खमके कार्यकर्ते उभे करावे लागतील. एनएफसीचंही, म्हणजे टेकवून वाचायच्या चिपच्या बिल्ल्याचंही, तेच. तो १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो, दोन-चार सेंटिमीटरवर टेकवावाच लागतो.

न थांबता वाचायचं तर यूएचएफ आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी दुरून वाचला जाणारा बिल्ला. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारा, बॅटरी नसलेला, काही मीटरवरून वाचला जाणारा. पण शरीरातलं पाणी त्याच्या लहरी शोषून घेतं. बिल्ला छातीला चिकटला किंवा उलटा होऊन पोटाशी गेला की गेट, म्हणजे दारात उभी केलेली वाचणारी चौकट, त्याला ओळखत नाही. इंदूरची जानेवारीतली सकाळ म्हणजे स्वेटर, शाल, मफलर. बायका शालीखाली आणि पुरुष जाकिटाच्या आत बिल्ला ठेवतात. कापडातून लहर जाते, पण कोट अंगावर आवळला की बिल्लाही अंगाशी दबतो. म्हणून बिल्ल्यामागे फोमची पातळ पट्टी लावा, दोरी आखूड ठेवा आणि एका हुकाची दोरी घेऊ नका. दोन बाजूंनी अडकवायची घ्या, म्हणजे तो फिरत नाही. तरीही दोन्ही बाजूंना नाव छापा, देवनागरीत, मोठ्या अक्षरात. समोरच्याला हाक मारता यावी यासाठीच मुळात बिल्ला असतो.

गेट घेताना एक गोष्ट विक्रेता आपणहून सांगणार नाही. दारात एकच अँटेना असेल तर बिल्ला वाचला गेला एवढंच कळतं, माणूस आत गेला की बाहेर ते कळत नाही. दारातच गप्पा मारत उभा राहिलेला माणूस पाच मिनिटांत चाळीस वेळा नोंदवला जातो. दोन अँटेना हव्यात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. बिल्ला आधी कोणत्या अँटेनानं वाचला त्यावरून दिशा ठरते. पैसे वाचवायला इथे कात्री लावली की बाहेर पडण्याची नोंद गेलीच. मी इथेच कात्री लावली होती.

ब्लूटूथ बिल्ले तिसरा पर्याय. नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी, ठरावीक वेळानं एक हाक, म्हणजे रेडिओ संकेत, आणि छताला लावलेले रिसीव्हर ती किती जोरात ऐकू आली यावरून अंतर ताडतात. मोकळ्या हॉलमध्ये ठीक, भरलेल्या हॉलमध्ये माणसांची अंगंच लहर अडवतात आणि माणूस शेजारच्या खोलीत दिसतो. घेतलेत तर चाचणी रिकाम्या हॉलमध्ये करू नका. पन्नास जणांना चहाला बोलवा आणि मग करा. हा बिल्ला बाहेर गेला की हाक ऐकू येणं बंद होतं, पण बॅटरी संपली तरी हेच होतं. म्हणजे इथेही बाहेरची नोंद वेगळीच घ्यावी लागते.

काही मंडळी म्हणतात, बिल्ला कशाला, फोनमधलं ॲप पुरे. जागेवरून आपोआप हजेरी लागते. लागते, पण अँड्रॉइड १२पासून आणि आयफोनवर आयओएस १४पासून 'नेमकी जागा' न देता 'अंदाजे जागा' द्यायची सोय आहे. अँड्रॉइडवर अंदाजे म्हणजे सुमारे ३ चौरस किलोमीटरचा पट्टा. एवढ्यात हॉल, हॉटेल आणि मामेभावाचं घर तिन्ही मावतात. नेमकी जागा दिली तरी काँक्रीटच्या छताखाली जीपीएस नीट चालत नाही. आभासी कुंपणाची, म्हणजे ॲपमध्ये हॉलभोवती आखलेल्या वर्तुळाची, त्रिज्या १०० ते १५० मीटरच्या खाली नेऊ नका. आणि कुंपण ओलांडून बाहेर गेल्याची खबर फोन बॅटरी वाचवण्यासाठी काही मिनिटं उशिरा देतो. आजोबांच्या बाबतीत ती काही मिनिटंच मोलाची होती. ॲपनं हजेरी घ्या, जेवणाची कुपनं द्या, पण माणूस शोधायला त्यावर भिस्त ठेवू नका.

लोकांना सांगणं. नोंदणी अर्जावर बारीक अक्षरात 'मला मान्य आहे' ची चौकट ठेवून हे भागत नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा सांगतो की संमती मागताना सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी माणूस म्हणेल त्या भाषेत मिळाली पाहिजे. मराठी त्यात आहे. चार ओळी लिहा: काय नोंदवतो, कोण पाहतं, किती दिवस ठेवतो, नको असेल तर काय. 'नको' म्हणणाऱ्याला साधा छापील बिल्ला द्या, तोंड वाकडं न करता. अठरा वर्षांखालच्या मुलांना जागेचा माग काढणारा बिल्ला देऊच नका, त्याच कायद्यात मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. आणि 'कोण कुठे' दाखवणारा पडदा दर्शनी भागात लावू नका. आम्ही लावला होता. एका बाईंनी येऊन सांगितलं की मी इथे आहे हे सगळ्या नातेवाइकांना कळायला नको होतं. त्यांचं बरोबर होतं. पडदा एका खोलीत, दोनच माणसांपुढे.

नोंदणीचं टेबल: चार्जर, एक्स्टेन्शन, कोरे बिल्ले, मार्कर. हे सगळ्यांना माहीत असतं. नसेल माहीत असं एकच: मुंबईहून अवंतिका एक्स्प्रेस सकाळी येते आणि तिच्यातली सगळी माणसं एकदमच टेबलावर येतात. तेवढा एक तास टेबलं दुप्पट ठेवा. नावांची यादी प्रत्येक फोनमध्ये उतरवून ठेवा, नेट बसलं तरी काम चाललं पाहिजे. एक छापील प्रतही ठेवा. आडनावं इंग्रजीत कोणी कशीही लिहितं, म्हणून शोध मोबाइल क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवर ठेवा.

हाताची मोजणी. आकडा यंत्राचा असला तरी दिवसातून तीनदा माणसांनी मोजा: उद्घाटनानंतर, जेवणाआधी, संध्याकाळी. बटण दाबलं की एक पुढे जाणारा मोजणीचा डबा स्वस्तात मिळतो. यंत्र सहाशे म्हणत असेल आणि हातात साडेचारशे येत असतील, तर दीडशे माणसं न नोंदता बाहेर गेली. कोणत्या दारानं, ते लगेच शोधा. आमचे बरेच जण छप्पन दुकानला, इंदूरच्या खाऊगल्लीत, गेले होते आणि आमच्या यंत्रणेत ते सगळे आतच होते. जेवण त्या आकड्यावर रांधलं, किती वाया गेलं ते लिहवत नाही. उलटी बाजूही याच शहरानं पाहिली आहे. जानेवारी २०२३मध्ये प्रवासी भारतीय दिवसाला सभागृह भरलं, परदेशातून आलेले पाहुणे बाहेर राहिले आणि मुख्यमंत्र्यांना व्यासपीठावरून माफी मागावी लागली. आत किती आहेत हे कळायचं असेल तर बाहेर किती गेले हे कळलंच पाहिजे.

वयस्कर आणि आजारी मंडळींची वेगळी यादी करा: औषध, घरच्यांचा फोन, कोणासोबत आले. त्यांच्यासाठी दर दोन तासांनी एक कार्यकर्ता प्रत्यक्ष जाऊन भेटेल. पडदा बघून नाही. कोणी सापडत नसेल तर पहिला शोध बाहेर घ्या: पार्किंग, गेट, चहाची टपरी, बसथांबा. आतली नोंद ताजी दिसत असली तरी बाहेरच. हे मी कार्यकर्त्यांच्या कागदावर सगळ्यात वर छापून घेतलंय.

आदल्या दिवशी रंगीत तालीम. वीस जणांना बिल्ले द्या आणि चहा पिऊन हव्या त्या दारानं निघून जायला सांगा. मग पडद्यावर आत किती ते बघा. शून्य यायला हवं. नसेल येत तर रात्रभर जागा, पण दार शोधा.

प्रत्यक्ष दोन दिवस: ठरल्याप्रमाणे. हरवलेला बिल्ला लगेच बाद करा, दुसरा द्या. वीज गेली तर गेट किती वेळ चालतं ते आधी विचारा.

शेवटचा दिवस. भाड्याची माणसं चार वाजताच गेटं सोडवायला येतात. आत माणसं असताना सोडवू देऊ नका, करारात वेळ लिहून घ्या. परतीच्या गाड्यांची घाई तेव्हाच असते आणि बाहेर पडण्याची नोंद नेमकी तेव्हाच लागते. पडदा शून्यावर आला, तिन्ही सभागृहांत डोळ्यांनी फिरून झालं, मग गेटं काढा.

बिल्ले परत घेण्यासाठी दारात टोपली. बॅटऱ्या काढून वेगळ्या पिशवीत, इंदूरच्या कचरागाडीत त्यांचा कप्पा वेगळा आहे. सांगितलेल्या दिवशी नोंदी पुसा आणि पुसल्याचा निरोप सगळ्यांना धाडा.