आजोबांच्या पलटणीच्या वाटेने इटली : प्रवास कसा आखावा, वाटेत काय खावे

इटलीला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असे आठ-दहा दिवसांचे पॅकेज घेतात. पण ज्यांच्या घरातले कुणी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४५ या काळात, मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढले, त्यांच्यासाठी त्या देशात एक वेगळी वाट आहे. ती छोट्या गावांतून, नद्यांच्या काठाने जाते, आणि माझ्या मते इटलीतले चांगले जेवणही याच वाटेवर मिळते. ती शोधायला थोडी मेहनत पडते, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी घरचे कागद

ट्रंकेतली मेडल बाहेर काढा. सहा टोकांचा पितळी दिसणारा तारा आणि लाल, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांची फीत असेल, तर तो ‘इटली स्टार’. आजोबा किंवा पणजोबा इटलीच्या मोहिमेत असावेत याची ती मोठी खूण; पण ग्रीससारख्या शेजारच्या आघाड्यांसाठीही तो दिला गेला, म्हणून कागदावरून खात्री करा. मग डिस्चार्जचा कागद शोधा. त्यावरचा सैनिक क्रमांक आणि बटालियन या दोन गोष्टी मिळाल्या की पुढचे काम सोपे होते. कागद हरवला असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला लेखी विचारणा करा.

जे परत आले नाहीत, त्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या, महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची थडगी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. रोमन लिपीत मराठी नावे तेव्हा कारकुनाने ऐकली तशी लिहिली आहेत, म्हणून स्पेलिंग तीन-चार प्रकारे बदलून पाहा. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. ओळख त्यावरूनच पक्की करा.

बटालियनवरून नकाशा

पहिली बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये, म्हणजे अनेक बटालियनच्या मोठ्या दलात, होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये दक्षिणेला तारान्तो बंदरात उतरली. पुढे पूर्व किनाऱ्याच्या आब्रुझ्झो प्रांतातली सांग्रो नदी, मे १९४४ मध्ये कासिनोजवळची गारी नदी, ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स आणि एप्रिल १९४५ मध्ये उत्तरेकडच्या रोमान्या भागातली सेनियो नदी, असा तिचा मार्ग. याच सेनियोवर ९ एप्रिल १९४५ रोजी निमजचे (तेव्हाचा अहमदनगर जिल्हा) शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांतून मागे आणले, एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या चौक्या घेतल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे तेव्हाचे सर्वोच्च शौर्यपदक मिळवले.

तिसरी बटालियन दहाव्या डिव्हिजनमध्ये होती, आणि तिची वाट मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातून, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यातून जाते. तिथे १० जुलै १९४४ रोजी रायगडच्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे २२व्या वर्षी लढताना धारातीर्थी पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी नाही. ज्यांच्या अखेरच्या जागेचा पत्ता नाही, अशांच्या कासिनोतल्या स्मारकावर त्यांचे नाव कोरले आहे. जुलै २०२३ मध्ये पेरुजाजवळच्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. आपल्या कुटुंबाचा या पलटणीशी संबंध असेल तर मोन्तोने चुकवू नका.

स्मशानभूमींबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. हिंदू सैनिकांचे दहन झाले, त्यामुळे दगडी थडगे सापडत नाही. त्यांची नावे सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी इथल्या दहन-स्मारकांवर आहेत. थडगे नाही म्हणून नाव नाही, असे समजून परत फिरू नका.

तारखा, व्हिसा, गाडी

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. शेंगेन व्हिसासाठी (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या गर्दीत भेटीची वेळ मिळणे कठीण, म्हणून लवकर करा. कासिनो, फोर्ली, रिमिनी ही ठिकाणे रेल्वेवर आहेत. मोन्तोने आणि सांग्रोसाठी भाड्याची गाडी बरी. भारतीय परवान्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागते, ते निघण्यापूर्वी आरटीओतून घ्या. जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटी न पाहता आत शिरलात तर दंडाचा कागद काही महिन्यांनी घरी येतो.

जेवणाचे काय

इथे घाई करू नका. सगळ्या इटलीचा मिळून असा एक स्वयंपाक नाही. दर खोऱ्याचा वेगळा आहे. म्हणून ज्या गावात आहात, तिथलेच मागवा. आब्रुझ्झोत अरोस्तिचिनी, म्हणजे काडीला ओवून कोळशावर भाजलेले मेंढीच्या मांसाचे छोटे तुकडे. उंब्रियात तोर्ता अल तेस्तो, तापल्या तव्यावरची जाड रोटी, आत पालेभाजी किंवा हॅम. शिवाय कास्तेलुच्चोची बारीक मसूर, जी शाकाहाऱ्यांना पोटभर आधार देते. फ्लॉरेन्सचा पाव अळणी असतो, तो तसाच खायचा असतो. रिबोलिता नावाच्या पाव-भाजी-घेवड्याच्या दाट सूपमध्ये त्याची चव कळते.

आणि रोमान्यात पियादिना, तव्यावर भाजलेली मैद्याची रोटी. रिमिनीला पातळ आणि मोठी, फोर्लीकडे जाड. रस्त्याकडेच्या टपरीवर समोर भाजून देतात, आत स्क्वाक्वेरोने हे मऊ, आंबटसर चीज. फोर्लीपासून जवळच्या फोर्लिम्पोपोली गावात पेल्लेग्रिनो आर्तुसी जन्मले. त्यांनी १८९१ मध्ये घरगुती इटालियन स्वयंपाकाचे जे पुस्तक काढले, ते तिथे आजही घरोघरी आहे. गावात त्यांच्या नावाचे खाद्यसंस्कृती केंद्र आहे, तेही पाहा.

शाकाहाऱ्यांनी नीट विचारावे. पियादिनात बहुधा डुकराची चरबी असते, म्हणून ‘सेन्झा स्त्रुत्तो’ (त्या चरबीशिवाय) म्हणा. ऑलिव्ह तेलाचीही मिळते. सूपचा रस्सा मांसाचा असू शकतो, आणि पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण असते. दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच, रात्रीचे साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद. बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर तो माणशी बैठकीचा आकार असतो, त्यावर वाद नको.

गावात ओळख कशी काढावी

मेडलचा आणि जुन्या फोटोचा एक प्रिंट सोबत ठेवा, आणि वर इटालियनमध्ये दोन ओळी छापून घ्या: आमचे आजोबा १९४४ मध्ये इथे लढले. छोट्या गावातल्या बारमध्ये तो कागद दाखवणे हा माझ्या मते नकाशापेक्षा चांगला उपाय आहे. नगरपालिकेला आधी ईमेल केला तर स्थानिक इतिहास जपणारी माणसेही भेटू शकतात.

घरी पियादिना

५०० ग्रॅम मैदा, सपाट चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा, ८० मिली ऑलिव्ह तेल आणि लागेल तसे कोमट पाणी. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. सहा गोळे करून लाटा, जाड बुडाच्या तव्यावर मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. फुगा आला तर काट्याने टोचा. आत घट्ट चक्का, थोडे मीठ आणि कोवळा पालक घाला, आणि गरम असतानाच अर्धी दुमडून वाढा. गार झाली की ती वातड होते.